कोपराचं फ्रॅक्चर: तार, प्लेट, स्क्रू की सांधा बदल? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही. ऑपरेशन मी करत नाही, ऑपरेशन झालेले (आणि कधीकधी उगाच न झालेले) हात माझ्याकडे येतात. तुमचा एक्सरे न बघता "हेच करा" असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, मीही तसं सांगणार नाहीये. पण डॉक्टरांच्या केबिनमध्ये जे भराभर बोललं जातं त्यातलं निम्मं बाहेर येईपर्यंत डोक्यातून गेलेलं असतं, मग मेसेज येतात, आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

प्लेट चांगली की तार, एका वाक्यात सांगा ना?

नाही सांगता येत. आधी कुठलं हाड मोडलंय ते बघा. कोपरात तीन हाडं भेटतात: वरून दंडाचं हाड म्हणजे ह्युमरस, खालून अल्ना आणि रेडियस. टेबलावर टेकवतो ते कोपराचं टोक अल्नाचं, त्याला ऑलेक्रेनॉन म्हणतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, त्याचं वरचं गोल डोकं म्हणजे रेडियल हेड, तळहात वर-खाली फिरवताना ते गरगर फिरतं. या तीन जागांची फ्रॅक्चर म्हणजे तीन वेगळे आजार समजा. शेजारच्या काकांना तार घातली आणि तुम्हाला प्लेट सांगितली म्हणजे डॉक्टर पैसे काढतायत असं लगेच ठरवू नका, काकांचं हाडच वेगळं असेल.

ऑपरेशन करावंच लागतं का? प्लास्टरने नाही का जुळत?

हाड प्लास्टरनेही जुळतं, तो प्रश्नच नाहीये. प्रश्न सांध्याचा आहे. कोपर हा शरीरातला सगळ्यात लवकर आखडणारा सांधा म्हटला तरी चालेल, मोठ्या माणसाचं कोपर तीन आठवड्यांपेक्षा जास्त पक्क्या प्लास्टरमध्ये राहिलं की ते मोकळं करताना पेशंट पण रडतो आणि आम्ही पण थकतो. ऑपरेशनचा खरा हेतू हाड जुळवणं एवढाच नसतो, हाड इतकं घट्ट बसवणं हा असतो की थोड्या दिवसांतच हात हलवायला सुरुवात करता यावी. म्हणून दोन ऑपरेशनांची तुलना करताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: यानंतर हात कधी हलवायला मिळेल?

तुकडे जागचे हललेले नसतील तर बऱ्याचदा ऑपरेशन लागत नाही. रेडियल हेडला नुसती चीर असेल तर काही दिवस गळ्यात झोळी आणि दुखणं सोसेल तसं हलवायचं, बस. तिथे महिनाभर प्लास्टर घालणं मला तरी पटत नाही.

कोपराच्या टोकाचं फ्रॅक्चर आहे. एक डॉक्टर तार म्हणतात, दुसरे प्लेट. कोणाचं ऐकू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

टोकाला मागून ट्रायसेप्स हा दंडाचा मोठा स्नायू चिकटलेला असतो. टोक तुटलं की तो तुकडा वर ओढतो, फट पडते आणि हात आपल्या जोरावर सरळ करता येत नाही. जुनी पद्धत म्हणजे टेन्शन बँड वायरिंग, फाइलवर टीबीडब्ल्यू लिहिलेलं असतं. दोन सरळ पिना हाडात घालतात आणि मागून इंग्रजी आठच्या आकारात तार आवळतात. फ्रॅक्चर आडवं, साधं, दोनच तुकड्यांचं असेल तर हे छान चालतं, स्वस्त पण पडतं. पण तुकडे जास्त असतील किंवा फ्रॅक्चर तिरकं पुढे गेलेलं असेल किंवा सांधाच निखळलेला असेल तर तार आवळल्यावर तुकडे एकमेकांत दबतात, सांध्याची खोबण अरुंद होते आणि मग हात अडकतो. तिथे प्लेटच लागते, त्यात वाद नाही.

वाद आहे तो साध्या दोन तुकड्यांच्या फ्रॅक्चरमध्ये, कारण तिथे दोन्ही चालतं. यावर एडिनबराला एक चांगली ट्रायल झाली, २०१७ मध्ये छापून आली. ६७ पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखं अर्ध्यांना तार अर्ध्यांना प्लेट. वर्षानंतर हाताचं काम दोन्हीकडे सारखंच! फरक कुठे पडला, तर तारवाल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना ती टोचते म्हणून नंतर काढावी लागली, प्लेटवाल्यांमध्ये साधारण पाचातल्या एकाला. पण इन्फेक्शन जे चार झाले ते सगळे प्लेटच्या गटात आणि ऑपरेशन पुन्हा करावं लागलं तेही तिथेच. म्हणजे तारेचा त्रास जास्त वेळा होतो पण किरकोळ असतो, प्लेटचा कमी वेळा होतो पण झाला की मोठा. शुगर कंट्रोलमध्ये नसेल, मागची कातडी पातळ किंवा खरचटलेली असेल तर मला तार बरी वाटते. दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात एवढं लक्षात घ्या, दोघांपैकी कोणीतरी चोर असायलाच हवं असं नाही.

हल्ली काही ठिकाणी धातूच्या तारेऐवजी मजबूत दोऱ्याने पण बांधतात, त्यात टोचायला फारसं काही उरत नाही. तुमच्या डॉक्टरांचा हात त्यात बसलेला असेल तर विचारून बघायला हरकत नाही.

तार टोचते, कोपर टेबलावर टेकवता येत नाही. काढून टाकू का?

टोकावर कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस नसतंच, त्यामुळे पिनेचं टोक जरा जरी मागे सरकलं तरी हाताला लागतं. हाड पूर्ण जुळल्याचं एक्सरेत दिसल्यावर, साधारण सहा महिने ते वर्षाच्या पुढे, काढता येते. त्रास नसेल तर काढायची काही गरज नाही, "आत लोखंड राहिलं तर गंजतं" वगैरे काही नसतं. मात्र पिन कातडीतून बाहेर डोकावायला लागली, पाणी-पू येतोय असं वाटलं तर सहा महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

आजी ८० वर्षांच्या, कोपराचं टोक तुटलंय, घरातलंच काम करतात. भूल देऊन एवढं करायचं का?

नाही केलं तरी चालू शकतं, आणि हे घरच्यांना सांगितलं की त्यांना वाटतं आपण म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडतोय. तसं नाहीये. एडिनबराच्याच टीमने ७५ च्या पुढच्या लोकांवर अशी तुलना सुरू केली होती, ऑपरेशन विरुद्ध नुसती झोळी, आणि ऑपरेशनच्या गटात इतके त्रास व्हायला लागले की ती मध्येच थांबवली. ट्रायल छोटी होती, पण झोळीवाल्यांचा हात वर्षाने काही वाईट नव्हता. ठिसूळ हाडात पिना धरत नाहीत हा मुख्य घोळ. आजींना हात जोराने ढकलून सरळ करता येणार नाही कदाचित, पण वेणी घालणं, घास तोंडात नेणं, भाजी निवडणं जमतं. आजी काठी किंवा वॉकर वापरत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, कारण वॉकरवर भार द्यायला ट्रायसेप्सचा जोर लागतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते बेडवर झोपलेल्या माणसाकडे बघून त्यांना कळत नाही.

रेडियल हेडचा चुरा झालाय. स्क्रू, काढून टाकणं आणि बदलणं असे तीन पर्याय दिलेत.

तुकडे तीनपर्यंत असतील आणि जोडण्यासारखे असतील तर छोटे स्क्रू किंवा बारीक प्लेट. तीनच्या वर तुकडे गेले की जोडकाम टिकत नाही, स्क्रू सुटतात, हाड जुळत नाही, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मग धातूचं कृत्रिम हेड बसवतात.

नुसतं काढून टाकणं ही जुनी पद्धत, स्वस्त आणि सुटसुटीत, आणि अजूनही काही वयस्कर पेशंटमध्ये चालते, पण एक अट आहे: कोपराचे लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे पट्टे) आणि रेडियस-अल्नामधला पडदा शाबूत पाहिजे. तो पडदा फाटला असेल आणि हेड काढलं तर रेडियस हळूहळू वर सरकतो आणि दुखायला लागतं ते मनगट! पेशंट मनगटाला मलम चोळत बसतो आणि मूळ कारण असतं कोपरात. म्हणून पडल्यावर कोपरासोबत मनगटही दुखत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, मनगटाचा पण एक्सरे काढून घ्या.

कृत्रिम हेडमध्ये मापाची काळजी सगळ्यात महत्त्वाची. लांबीने जास्त बसवलं तर समोरच्या हाडावरचं कूर्च, म्हणजे गुळगुळीत आवरण, घासतं आणि हात वाकत नाही. हे सर्जनच्या अनुभवावर जातं, त्यामुळे इथे "तुम्ही हे किती केलेत?" असं विचारायला लाजू नका.

तळहात वर फिरत नाही, पण एक्सरेत फक्त छोटा तुकडा दिसतो. ऑपरेशन?

दुखण्यामुळे फिरत नाही की तुकडा अडकून फिरत नाही हे आधी ठरवावं लागतं. काही डॉक्टर सांध्यातलं साठलेलं रक्त सुईने काढून भुलीचं औषध आत सोडतात आणि मग फिरवून बघतात. तरीही अडकलं तर तुकडा आडवा येतोय, ऑपरेशनकडे जावं लागेल.

डॉक्टर 'टेरिबल ट्रायड' म्हणाले, ऐकूनच घाबरलो.

नाव भयंकर आहे खरं. सांधा निखळणं, रेडियल हेड तुटणं आणि अल्नाचा पुढचा कोरोनॉइड नावाचा तुकडा तुटणं, तिन्ही एकदम. यात एकाची दुरुस्ती करून भागत नाही, गरजेप्रमाणे कोरोनॉइड बसवा, रेडियल हेड जोडा किंवा बदला, बाहेरचं लिगामेंट शिवा, असा क्रम लागतो. रेडियल हेड नुसतं काढून सोडून देणं इथे चुकीचं, कोपर पुन्हा निखळतं. गावात सोय नसेल तर मोठ्या सेंटरला जाण्यात दोन-चार दिवस गेले तरी चालतील, पण सांधा जागेवर बसवून, कच्चं प्लास्टर घालूनच जा.

दंडाच्या हाडाचा खालचा भाग फुटलाय, दोन प्लेट सांगितल्यात. दोन कशाला?

कारण तिथे हाड खाली दोन खांबांत फाटतं आणि मधे सांध्याचा गोल भाग असतो. एका खांबाला आधार दिला तर दुसरा हलतो. दोन प्लेट समोरासमोर लावायच्या की एक बाजूला आणि एक मागे, यावर सर्जन लोकांचे वाद चालतात, पेशंटच्या हातात मात्र शेवटी फारसा फरक दिसत नाही, त्यामुळे तुम्ही त्यात पडू नका. त्यापेक्षा सीटी स्कॅन झालाय का ते बघा. नुसत्या एक्सरेवर हे ऑपरेशन प्लॅन करणं अवघड असतं.

आणि एक, नंतरच्या एक्सरेत कोपराच्या टोकालाही तार किंवा स्क्रू दिसला तर दचकू नका. "टोक तर तुटलं नव्हतं मग हे काय?" असा फोन येतोच. सांध्याचा फुटलेला भाग नीट दिसावा म्हणून सर्जन ते टोक मुद्दाम कापून बाजूला घेतात, आतलं काम झालं की परत बसवतात. हे आधी सांगितलं तर घरचे अर्धे भांडणाचे प्रसंग टळतील असं माझं मत.

त्याच फ्रॅक्चरला आईसाठी सांधा बदलायला सांगितलाय, वय ७२. प्लेट का नको?

हाड चांगलं असेल तर ७२ ला पण प्लेट चालते. पण हाड ठिसूळ, तुकडे बारीक आणि सांध्याच्या अगदी जवळ असतील तर स्क्रूला धरायला काही उरतच नाही. कॅनडात ६५ च्या पुढच्या ४२ पेशंटची तुलना झाली होती, २००९ मध्ये छापली. दोन वर्षांनी सांधा बदललेल्यांचे हात जास्त चांगले चालत होते. आणि प्लेटच्या गटातल्या चौघांमागे एकाला टेबलवरच निर्णय बदलून सांधा बसवावा लागला, कारण हाड जोडणं जमेचना. म्हणून प्लेट ठरली असली तरी "नाही जमलं तर पुढे काय?" हे आधी विचारून ठेवा.

पण सांधा बदलण्याची किंमत आयुष्यभर द्यावी लागते, पैशाची नाही म्हणत मी. तो दाराच्या बिजागरीसारखा जोडलेला असतो आणि सिमेंटने हाडात पक्का केलेला असतो, जास्त वजन उचललं की सैल होतो. साधारण सांगतात की रोज वारंवार उचलायचं तर एक-दोन किलो, एखाद्या वेळी पाचच्या आत. म्हणजे पाण्याची भरलेली बादली नाही, गॅसचं सिलिंडर तर विसराच, नातवंडाला कडेवर घेणं पण नाही. शेतात काम करणाऱ्या ६० च्या बाईंना हे पाळणं शक्य आहे का याचा विचार घरच्यांनी ऑपरेशनच्या आधी करायचा. तरुण माणसात म्हणूनच शक्यतो काहीही करून स्वतःचं हाड जोडतात.

ऑपरेशननंतर करंगळीला मुंग्या येतात. नस कापली का?

घाबरू नका पण सांगा. करंगळीची नस म्हणजे अल्नर नर्व्ह कोपराच्या आतल्या बाजूने हाडाला चिकटून जाते (तिथे आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच). ऑपरेशनमध्ये तिला बाजूला धरावं लागतं, सूज येते, बहुतेक वेळा काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं. बोटं फाकवता येत नसतील किंवा ताकद कमी होत चालली असेल तर मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. मुंग्या आधीपासून, म्हणजे पडल्यापासूनच होत्या का हे ऑपरेशनच्या आधी फाइलमध्ये लिहून घ्या, नंतर वाद होत नाहीत.

मुलगा ६ वर्षांचा, झोपाळ्यावरून पडला, कोपराच्या वर मोडलंय. तारा घालायच्या म्हणतात.

हे मुलांचं नेहमीचं फ्रॅक्चर, पाच ते सात वर्षांत सगळ्यात जास्त. हाड पूर्ण सरकलं असेल तर भूल देऊन बाहेरूनच जागेवर बसवतात, सीआर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं मशीन) बघत कातडीतून बारीक तारा घालतात, तीन-चार आठवड्यांनी ओपीडीतच उपटून काढतात. चिरा नाही, टाके नाहीत. मोठ्यांसारखी प्लेट इथे सहसा लागत नाही.

तारा फक्त बाहेरच्या बाजूने की दोन्हीकडून आडव्या-तिडव्या? दोन्हीकडून घातल्या की पकड जास्त, पण आतल्या बाजूला तीच करंगळीची नस असते, तिला लागायचा धोका. म्हणून बरेच सर्जन आधी बाहेरूनच दोन-तीन तारा घालतात, नाहीच स्थिर झालं तर आतून एक.

यात वेळ महत्त्वाची. हात गार, पांढरा पडला, नाडी लागत नाही, बोटं सरळ केली की पोर किंचाळतं, असं काही असेल तर सकाळची वाट बघायची नाही. आणि तारा काढल्यावर हात वाकडा-आखडलेला दिसतो तेव्हा तो जोर लावून सरळ करू नका. मुलांचं कोपर खेळता खेळता काही महिन्यांत मोकळं होतं, बहुतेकांना माझीही गरज लागत नाही.

हाडवैद्याकडे बांधून घेतलं तर?

कोपराला नको. यावर मी भांडायला तयार आहे. घट्ट पट्टी आणि बांबूच्या कामट्यांनी आवळल्यावर आत सूज वाढते, रक्त तुटतं, हाताचे स्नायू मरतात आणि बोटं कायमची पंजासारखी वळतात. दुसरं म्हणजे तेल लावून रगडणं. मार लागलेल्या कोपराभोवती चोळलं की स्नायूत नवीन हाड तयार होऊ शकतं आणि सांधा कुलूप लागल्यासारखा बंद होतो. फिजिओकडेही कोणी हात धरून जबरदस्ती वाकवत असेल तर त्यालाही थांबवा, नियम सगळ्यांना सारखा.

स्टील की टायटॅनियम?

दोन्ही चालतात. एमआरआय दोन्हीत सहसा करता येतो, फक्त आधी सांगायचं, स्टीलमुळे त्या भागाची इमेज जास्त खराब येते. टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू (ज्यांचं डोकं प्लेटच्या भोकातच आट्यांनी पक्कं बसतं) काढताना कधीकधी प्लेटला घट्ट बसून त्रास देतात. महाग म्हणजे चांगलं असं इथे नाही.

हात पूर्ण सरळ होईल का?

पूर्ण म्हणजे पहिल्यासारखा? गंभीर फ्रॅक्चरमध्ये बहुतेक शेवटचे थोडे अंश कमीच राहतात. १९८१ मध्ये मोजून सांगितलं होतं की रोजच्या कामाला ३० ते १३० अंश पुरतात, म्हणजे शेवटचे ३० अंश सरळ नाही झाले तरी जेवण, अंघोळ, कपडे सगळं होतं. पुढे परत मोजमाप झालं तेव्हा दिसलं की मोबाइल कानाला धरायला १४० च्या आसपास वाकावं लागतं, तेव्हा आता आम्ही सरळ होण्याइतकंच वाकण्याकडेही बघतो. (स्पीकरवर बोला, हा माझा सल्ला ऑफिसवाल्यांना आवडत नाही.) पहिले तीन महिने सुधारणा भरभर होते, नंतर हळू, वर्षभर चालू राहते. दिवसातून एकदा तासभर घाम गाळण्यापेक्षा पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं करा. आणि तंबाखू, मिश्री बंद, ऑपरेशन कुठलंही असो. मिश्री म्हणजे तंबाखूच, "मी खात नाही, फक्त दात घासते" चालणार नाही, हाड जुळायला उशीर होतो.

खर्चाचं काय? योजनेत बसतं का?

तार सगळ्यात स्वस्त, मग प्लेट, मग कृत्रिम रेडियल हेड, पूर्ण सांधा सगळ्यात महाग. तार स्वस्त दिसते तरी निम्म्यांना पुढे काढायचं छोटं ऑपरेशन लागतं, तो खर्च आणि त्या सुट्ट्या पण धरा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण हॉस्पिटल यादीत आहे का आणि नेमकं तुमचं ऑपरेशन, तुमचं इम्प्लांट पॅकेजात येतं का हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, रेशनकार्ड-आधार सोबत ठेवा. इम्प्लांटचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. पुढे काढायची वेळ आली तर कुठल्या कंपनीचा स्क्रू, कुठला स्क्रू-ड्रायव्हर लागेल ते त्यावरूनच कळतं.

गाडी कधी चालवू?

हँडल दोन्ही हातांनी पक्कं धरता आलं, ब्रेक दाबताना दुखलं नाही आणि डॉक्टरांनी एक्सरे बघून हो म्हटलं की. साधारण दीड ते तीन महिने धरा. स्कूटीला किक मारायची असेल तर ती दुसऱ्या कोणाला तरी मारू द्या.